तारेनं चांद होत नाही

भूममध्ये कुणाच्या घरी मय्यत झाली की खबर तीन वाटांनी निघते. पहिली वाट मोबाईलची. पाच मिनिटांत ती पुण्या-मुंबईपासून दुबईपर्यंत पोचलेली असते. दुसरी मशिदीच्या माईकची: मरहूमचं नाव, बापाचं नाव, मोहल्ला, जनाजा किती वाजता उठणार. तिसरी वाट पायी. घरातला नाहीतर शेजारचा एखादा पोरगा निघतो, ठरलेल्या दहा-बारा दारांवर जातो, उंबऱ्याबाहेर उभा राहून सलाम करतो आणि एवढंच सांगतो की फलाने गुजर गये, असर के बाद मिट्टी है. पाणी घेत नाही, बसत नाही. पुढच्या दाराकडं वळतो.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. मोहल्ल्यातल्या एका मय्यतीच्या दिवशी तिनं विचारलं, "अब्बू, सगळ्यांना फोनवर कळलंय, माईकवर दोनदा सांगून झालंय. मग हा पोरगा कशाला हिंडतोय?"

प्रश्न साधा होता. मी तिला 'रिवाज आहे' असं म्हणून मोकळा झालो असतो. पण माझे मामू जिवंत आहेत, ऐंशी ओलांडलेले, आणि त्यांची सगळी नोकरी तारखात्यात गेली. मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या गावांत त्यांनी कट्ट-कडकट्ट करत आयुष्य काढलं. त्यांच्यापाशी जाऊन बसलो. तिथून मी दवंडी, तार, नॉटपेड पत्र, ट्रंक कॉल अशा आता मेलेल्या गोष्टींमध्ये शिरलो तो बरेच दिवस बाहेरच आलो नाही.

आधी दवंडीचं बोलू. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावात आणि वालवड, ईट, पाथरूडसारख्या मोठ्या गावांत दवंडी असायची. हलगी वाजायची, माणसं थांबायची, मग 'ऐका हो ऐका' आणि त्यानंतर मजकूर: नळाला पाणी येणार नाही, गुरांना टोचायला डॉक्टर येणार, फाळा भरायची शेवटची तारीख. हलगीच्या त्या पहिल्या ठेक्यात खबर काहीच नसते. ती फक्त कान मागते. ऐकणारा तयार नसेल तर पुढचे पहिले चार शब्द वाया जातात, आणि बहुतेक वेळा कामाचा शब्द त्या चारांतच असतो. म्हणून आधी ठेका, मग शब्द. मग पुढच्या चौकात तेच पुन्हा, अक्षरशः त्याच शब्दांत.

ही युक्ती फार जुनी आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्तानात आला तेव्हा त्यानं मुहम्मद बिन तुघलकाची डाक पाहिली आणि लिहून ठेवली. घोड्यांची डाक वेगळी आणि पायी पळणाऱ्यांची वेगळी. पायी डाकेचा हरकारा एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन पळायचा, काठीच्या टोकाला घुंगरं बांधलेली. कोसाच्या एक तृतीयांश अंतरावर पुढची चौकी. तिथला माणूस लांबून घुंगरं ऐकून कंबर कसून उभा राहायचा. पत्र हातात पडलं की पळाला. बतूता म्हणतो की सिंधहून दिल्लीला जायला माणसाला पन्नास दिवस लागायचे, आणि ही खबर पाच दिवसांत जायची. घुंगरांचं काम हलगीचंच होतं.

त्याच काळातल्या अल उमरी नावाच्या अरब लेखकानं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती तर आमच्या मराठवाड्याची. दिल्ली आणि देवगिरी, म्हणजे दौलताबाद, या दोन राजधान्यांच्या दरम्यान चौकी-चौकीवर नगारे ठेवलेले होते. एका शहराची वेस उघडली किंवा बंद झाली की नगारा वाजे, पुढच्या चौकीवरचा ऐकून आपला नगारा वाजवी, आणि असं करत दुसऱ्या शहरात बसलेल्या सुलतानाला कळे की तिकडचा दरवाजा उघडला. विचार करा, शेकडो कोसांवरून फक्त एवढंच कळायचं: उघडा की बंद. नगाऱ्यावर कविता पाठवता येत नाही. पण दोन्ही टोकांना आधीच ठरलेलं असेल तर एका ठोक्यात राज्याची खुशाली मावते.

आधी ठरलेलं असणं, सगळा खेळ इथं आहे. नॉटपेड पत्राची गंमत जुन्या माणसांना आठवत असेल. तिकीट न लावता पत्र टाकायचं. पोस्टमन दारात आला की घेणाऱ्यानं दुप्पट पैसे द्यायचे, नाहीतर पत्र परत. मुलगा परगावी कामाला जाताना घरच्यांशी ठरवून जायचा: पाकिटावर नावाखाली एक रेघ म्हणजे मी खुशाल, दोन रेघा म्हणजे पैसे पाठवा. आई पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करायची, रेघ बघायची आणि पोस्टमनला म्हणायची, "नक्को बाबा, पैसे नई मेरे पास." खबर पोचली, फुकट. पुढं हेच आपण मिस्ड कॉलनं केलं. स्टँडवर उतरलो की एक रिंग.

आता अजान. तिला खबर देण्याचं साधन म्हणून फारसं कुणी बघत नाही, पण मदिनेत हा प्रश्न अगदी व्यवहाराचा म्हणूनच पुढं आला होता. लोकांना नमाजला बोलवायचं कसं? कुणी म्हणालं शिंग फुंकू, कुणी म्हणालं नाकूस वाजवू, कुणी म्हणालं आग पेटवू. मग अब्दुल्लाह बिन जैद यांना स्वप्नात अजानचे शब्द ऐकू आले, आणि रसूलुल्लाहनी सांगितलं की हे बिलालला शिकव, त्याचा आवाज तुझ्याहून चांगला आहे. शिंग बाजूला राहिलं, आग बाजूला राहिली, माणसाचा गळा निवडला गेला. शिंगानं फक्त 'या' एवढं कळतं. गळ्यानं का यायचं तेही कळतं.

अजानची बांधणीही नीट बघा. पहिला तकबीर चारदा, पुढचे कलमे दोन-दोनदा, शेवटचा एकदा. वारा आडवा असेल, गाढव ओरडत असेल, गिरणीचा पट्टा वाजत असेल, तरी एखादा तुकडा सुटला तर दुसऱ्या वेळी पकडता येतो. सुरुवातीला कान लागलेले नसतात म्हणून तिथं चारदा. 'हय्य अलस्सलाह' ला बांगी तोंड उजवीकडं वळवतो, 'हय्य अलल्फलाह' ला डावीकडं. मिनारावरून आवाज दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत पडावा, ही त्यातली सोय मला तरी उघड दिसते. आता माईक आल्यावर तोंड वळवलं की आवाज कमी होतो. तरी बांगी वळवतोच, सुन्नत आहे म्हणून. आणि भोंग्यांचे नियम कडक झाल्यापासून, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद असल्यानं, फजरची अजान पुष्कळ ठिकाणी पुन्हा नुसत्या गळ्याची झाली आहे. शेजारच्या गल्लीत ऐकू जाते, त्यापुढं नाही.

मामू मात्र या सगळ्याला 'आवाजवाले' म्हणतात. त्यांच्या लेखी खरं काम तारेचं. आपल्याकडं तारेचा पहिला प्रयोग १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर असा झाला आणि १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा गेल्या. त्या रात्री टीव्हीवर ती बातमी बघताना मामू उठून आत गेले होते एवढं मला आठवतं. का ते मी विचारलं नाही.

तारेचं यंत्र त्यांनी मला चहाच्या बश्या आणि चमचा घेऊन समजावलं. इकडं एक दांडी, ती दाबली की तारेतून करंट जातो, सोडली की तुटतो. तिकडं लोखंडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली तार. करंट आला की तो तुकडा चुंबक होतो आणि वरची पट्टी खाली ओढतो: ठक. करंट गेला की स्प्रिंग तिला वर ओढते: पुन्हा ठक. दोन ठकांमधलं अंतर छोटं असेल तर कट्ट, लांब असेल तर कडकट्ट. लांब म्हणजे छोट्याच्या तिप्पट. दोन अक्षरांमध्येही तिपटीचं अंतर, दोन शब्दांमध्ये सातपटीचं. म्हणजे गप्प राहणंही मोजून. "बेटा, उसमें चुप रहना भी मजमून है," मामू म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी बहुतेक पुष्कळ जणांना ऐकवलेलं असावं.

इंग्रजीत 'ई' हे अक्षर सगळ्यांत जास्त येतं म्हणून त्याला एकच कट्ट. 'टी' ला एकच कडकट्ट. कमी येणाऱ्या अक्षरांना लांबलचक खुणा. ही वाटणी करताना मॉर्सच्या सहकाऱ्यानं छापखान्यात जाऊन कुठल्या अक्षराचे खिळे किती ते मोजले होते असं सांगतात. लांब पल्ल्यावर करंट कमजोर पडतो, म्हणून मध्ये असं साधन बसवायचं की येणाऱ्या अशक्त करंटनं फक्त एक छोटी पट्टी हलावी आणि त्या पट्टीनं नव्या बॅटरीचा ताजा करंट पुढं सोडावा. तुघलकाच्या पुढच्या चौकीवरचा ताज्या दमाचा हरकारा म्हणजे हाच. ऑफिसात गलका असला तर आवाज मोठा ऐकू यावा म्हणून मामू यंत्राच्या मागं तंबाखूचा रिकामा डबा खोचून ठेवायचे. तारेत आकडे असतील तर ते शेवटी पुन्हा एकदा पाठवायचे, कारण अक्षर चुकलं तर वाचणारा अंदाजानं सुधारतो. आकड्याला अंदाज नसतो. 'अब्बा सिरिअस' मध्ये एक अक्षर गळालं तरी कळतं. '१७ तारीख' ची '११' झाली तर माणूस सहा दिवस आधी येऊन बसतो.

शुभेच्छांच्या तारांची आणखी वेगळीच सोय होती. मजकूर आधीच छापलेले, प्रत्येकाला नंबर. १ नंबर दिवाळीच्या शुभेच्छा, २ नंबर ईद मुबारक, ८ नंबर सुखी संसाराच्या. तारेतून फक्त नंबर जायचा, तिकडं पूर्ण वाक्य लिहून निघायचं. मामू सांगतात की ईदच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं बोट 'दोन, दोन, दोन' करून दुखायचं.

आणि इथंच तो चांदचा पेच येतो.

रमजानची २९ तारीख. मगरिबनंतर सगळा मोहल्ला गच्चीवर, नजरा पश्चिमेकडं. कोवळा चांद क्षितिजाला टेकलेला असतो, थोडा वेळ थांबतो आणि जातो. आमच्याकडं बालाघाटच्या टेकड्या, त्यात पावसाळ्यातला रमजान असेल तर ढग. दिसला नाही. पण बार्शीला दिसला असेल तर? सोलापूरला? हैदराबादला? मामूंच्या टेबलावर तार येऊन पडायची: चांद दिसला. ते ती घेऊन स्वतः मौलानांकडं पळायचे. आणि मौलाना तार वाचून, घडी घालून परत द्यायचे. तारेनं चांद होत नाही.

मामू तरुण होते, चिडायचे. ज्या तारेवर सरकार फौजा हलवतं, व्यापारी हजारोंचा सौदा करतो, ती तार चांदला का चालू नये? मौलानांनी त्यांना जे समजावलं ते मामूंनी मला जसंच्या तसं सांगितलं, आणि मला ते आज जास्त पटतं. हनफी फिकहमध्ये खबर वेगळी आणि शहादत वेगळी. आभाळात ढग असतील तर रमजान सुरू व्हायला एका विश्वासू माणसाची खबर पुरते. ईदला मात्र साक्ष लागते: दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया. साक्ष म्हणजे माणूस समोर हवा. त्याला विचारता आलं पाहिजे की तू कुठं उभा होतास, चांद कुठल्या बाजूला होता, टोकं कुणीकडं होती. तो खोटा असेल तर त्याच्या तोंडावरून कळलं पाहिजे. तारेवर नाव असतं, पण तार देणारा खिडकीवर कुठलंही नाव लिहू शकतो. मधला बाबू फक्त ठकठक पुढं सरकवतो. मौलाना म्हणाले होते, "मियां, तार में आदमी की आवाज भी नहीं आती. सिर्फ तुम्हारी ठक-ठक आती है. गवाही तुम दोगे क्या? तुमने देखा?"

मामूंनी देखा नव्हतं.

आता कुणी म्हणेल की मौलवी लोक यंत्राला घाबरतात. काही घाबरतही होते. नमाजमध्ये लाऊडस्पीकर चालतो की नाही यावरही कितीतरी वर्षं वाद झाला. पण जुने फकीह खुणांच्या विरोधात नव्हते. दमास्कसचे इब्न आबिदीन, जे १८३६ मध्ये वारले, त्यांनी लिहिलंय की शहरातून तोफेचा आवाज आला किंवा मिनारावर दिवे दिसले तर खेड्यातल्या लोकांनी चांद झाला असं धरावं. तोफेला कुठं तोंड असतं? पण तोफ काजीच्या हुकमाशिवाय उडत नाही. तिच्यामागं कोण उभं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच हिशोबानं पुढं रेडिओचं ठरलं. रेडिओवर कुणी येऊन 'मी चांद पाहिला' म्हणालं तर ती साक्ष नाही. पण रुयत-ए-हिलाल कमिटीनं साक्षी तपासून केलेलं ऐलान रेडिओवरून आलं तर ते तोफेसारखं. मग रात्री रेडिओला कान लावून बसायचं, खरखरीत 'हैदराबाद' हा शब्द ऐकू आला की सगळ्यांनी श्वास धरायचा. शिरखुर्म्याचं दूध आणायचं की तरावीहला जायचं, तेवढ्यावर ठरायचं.

टेलिफोनचाही प्रश्न आला. फोनमध्ये तर आवाज येतो ना? येतो, पण किती? बोलताना हवेचा दाब पातळ पडद्यावर पडतो, पडदा मागच्या कार्बनच्या बारीक कणांना दाबतो. दाब वाढला की करंट जास्त जातो, कमी झाला की कमी. तिकडं चुंबक त्या करंटच्या चढउतारानं दुसरा पडदा हलवतो. आवाज स्वतः जात नाही, त्याचं सोंग जातं. शिवाय टेलिफोनच्या तारेतून आवाजाचा मधला पट्टाच सोडला जायचा, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. वरचं सगळं कापलेलं. म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' सारखेच ऐकू येतात, म्हणून 'बी फॉर बॉम्बे' करत बसावं लागायचं, आणि म्हणून फोनवर भाऊ भावासारखा आणि काकासारखा एकदमच वाटतो. आवाज आवाजासारखा असतो, असं मौलाना म्हणायचे. टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरनं यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं?

मय्यतीला मात्र एवढं थांबायला वेळ नसतो, आणि तार तिथंच सगळ्यांत जास्त लागायची. माझे दादा १९७४ मध्ये पावसाळ्यात गेले. चाचा मुंबईला गिरणीत. पहाटे तार केली. तारेत 'वारले' असं कुणी लिहीत नसे, 'सिरिअस, लगेच निघा' असं लिहायचे. घेणारा रस्त्यात एकटा असेल, त्याला उमेद राहावी म्हणून. पण सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक असल्यानं उमेद कुणालाच राहायची नाही. मोहल्ल्यात तारवाल्याची सायकल थांबली की तार फोडायच्या आत बाया रडायला लागायच्या, मग ती भले २ नंबरची ईद मुबारक का असेना.

चाचांना तार दुसऱ्या दिवशी मिळाली. वाटेत कुठं पावसात खांब पडला होता म्हणे. ते रात्रीच्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरले, तिथून छोट्या रेल्वेनं बार्शी, तिथून एसटीनं भूम. आले तेव्हा कबरीवरची माती पावसानं बसून गेली होती. मय्यत ताटकळत ठेवू नये असा हुकूम आहे, घरच्यांनी असरपर्यंत वाट बघून दफन केलं होतं. चाचांनी कुणाला बोल लावला नाही. फक्त पुढं भूमच्या एका खव्याच्या व्यापाऱ्याकडं फोन आला तेव्हा सगळ्यांत आधी तो नंबर त्यांनी मागून घेतला, आणि आमच्या घरच्या लग्नपत्रिकांवर त्या दुकानाचा नंबर 'पी.पी.' असं लिहून छापला जायला लागला. साधा ट्रंक कॉल लागायला दिवस जायचा. अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगला आठपट. लायटनिंग कॉल आमच्या घरानं आयुष्यात दोनदा केला. दोन्ही वेळा मय्यत होती.

दादी मात्र तार, फोन कशावरच विश्वास ठेवत नसे, आणि त्याचं कारण वेगळं होतं.

भूम तेव्हा निजामच्या राज्यात होतं. टपालही निजामचं, १८६९ पासून हैदराबादची स्वतःची तिकिटं. हे टपाल हिंदुस्तानच्या टपालखात्यात १ एप्रिल १९५० ला विलीन झालं. दादीचा धाकटा भाऊ उमरग्याकडच्या एका खेड्यात लिखापढीचं काम करायचा. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौजा नळदुर्गवर आल्या, १७ तारखेला निजामनं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. रझाकारांनी आधी गावंच्या गावं छळली होती. आता त्याची फेड, ज्यांनी काही केलं नव्हतं अशांनाही करावी लागली. पंडित सुंदरलाल आणि काजी अब्दुल गफ्फार यांच्या मंडळानं त्या वर्षाअखेर फिरून जो अहवाल दिल्लीला दिला, त्यात सगळ्यांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे, आणि मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. तो अहवाल सामान्य माणसाला वाचायला मिळेपर्यंत साठाहून जास्त वर्षं गेली. त्यालाही खबरच म्हणायचं, उशिरा पोचलेली.

दादीच्या भावाचं पत्र आलं नाही. एकेकानं येऊन सांगितलं: उमरग्याकडं असं झालं, तसं झालं, तो नसावा. कुणी सांगितलं तो हैदराबादला दिसला. कुणी सांगितलं कराचीला गेला. दादी प्रत्येकाला एकच विचारायची, "तुमने देखा?" कुणीच देखा नव्हतं. तिनं ना फातिहा होऊ दिला, ना त्याचं ताट मोडीत काढलं. नऊ वर्षं.

१९५७ मध्ये एक माणूस बाजाराच्या दिवशी विचारत विचारत आमच्या दाराशी आला. उमरग्याकडचा, लिंगायत, बैल बघायला आलेला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, मी त्याला माती दिली आहे, आणखी दोघं होते, जागा दाखवू शकतो. दादीनं पडद्याआडून त्याला विचारलं की अंगावर काय होतं. त्यानं सांगितलं. डाव्या हाताचं बोट कसं होतं? त्यानं तेही सांगितलं. मग दादी रडली. त्याच संध्याकाळी घरात कुराणखानी झाली. तो माणूस रात्री राहिला, सकाळी भाकरी बांधून घेऊन गेला. त्याचं नाव आमच्या घरात कुणाला आठवत नाही, हे मला फार लागतं.

हे मी मुलीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की पण अब्बू, त्याला यायला नऊ वर्षं लागली, फोन असता तर. तिचं बरोबर आहे. चाचांना बापाचं तोंड बघता आलं असतं, दादीचा भाऊ कदाचित वेळेत निघून आला असता. जुनी साधनं फार चांगली होती असं म्हणणाऱ्यांनी त्या नऊ वर्षांचा हिशोब द्यावा. उलटही खरंच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं जमावानं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आली आहे असं मोबाईलवर फिरत होतं. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. ते पुढं पाठवणाऱ्या हजारोंपैकी एकालाही कुणी विचारलं नाही, तू पाहिलंस का?

मागच्या रमजानची गोष्ट सांगतो. २९ वा रोजा, आभाळ गढूळ. मगरिबनंतर मशिदीच्या अंगणात सगळे जमलेले, मामूही काठी टेकत आले होते. एक पोरगा धावत आला, मोबाईलवर चांदचा फोटो, खाली 'ईद मुबारक' आणि फुलं. पेशइमामांनी चष्मा लावून फोटो बघितला.

"किसने देखा?"

"ग्रुप में आया हजरत."

"तो ग्रुप को बुलाओ."

हशा पिकला, पोरगा लाजला. पेशइमामांनी मग स्वतःच्या फोनवरून कमिटीत ओळखीच्या आलिमना फोन लावला. तिकडं साक्षी घेणं चालू होतं. अंगणात लोक उभेच राहिले. मामू खुर्चीवर बसून काठीच्या मुठीवर बोट आपटत होते, लांब, लांब, आखूड, सवयीनं. साडेनऊच्या सुमारास ऐलान झालं की चांद झाला. ते माईकवर दोनदा सांगितलं गेलं. आणि तरीही पेशइमामांनी दोन पोरांना मोटारसायकलवर पिटाळलं, गावाबाहेरच्या वस्तीवर तीन-चार घरं आहेत, तिथं आवाज जात नाही म्हणून.

जाताना त्यांनी पोरांना बजावलं, दारात उभं राहून सांगा, आणि कुणी विचारलं किसने बोला, तर माझं नाव घ्या.